पॅडलबोर्डवर उभे कधी राहावे, बसावे कधी

यंदा आमचे साहस शिबिर उत्तराखंडमधील भीमताल येथे झाले. शिबिराचा शेवटचा दिवस म्हणजे 'बोटिंग डे'. त्या दिवशी काठावर वल्ह्यांच्या होड्या होत्या, कयाक होत्या आणि ज्यांच्याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते ते आठ पॅडलबोर्ड होते. मी पॅडलबोर्डवर उभा राहिलो, भरपूर मजा केली आणि एक चूकही केली. ती का झाली याचा विचार करताना विज्ञानाच्या पुस्तकातले काही धडे मला पहिल्यांदा नीट समजले. पुढच्या वर्षी जे कॅडेट शिबिराला जातील त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा लेख लिहीत आहे.

हा खेळ आला कुठून

होडीत किंवा तराफ्यावर उभे राहून वल्हे मारणे ही काही नवी गोष्ट नाही. म्यानमारच्या इन्ले तलावातले कोळी तर होडीच्या टोकावर एका पायावर उभे राहतात आणि दुसरा पाय वल्ह्याभोवती गुंडाळून होडी चालवतात. आज आपण ज्याला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतो, तो खेळ मात्र हवाई बेटांवरचा. तिथल्या वायकीकी किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यात लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे काही प्रशिक्षक लांब फळीवर उभे राहून वल्हे मारत. उभे राहिल्यामुळे त्यांना आपले विद्यार्थी आणि येणाऱ्या लाटा लांबून दिसत. पुढे लेर्ड हॅमिल्टन या प्रसिद्ध सर्फरने सरावासाठी ही पद्धत वापरली आणि खेळ जगभर पसरला. लाट नसली तरी चालते, त्यामुळे तो समुद्रावरून नद्या आणि तलावांवरही आला. आपल्या देशात कर्नाटक आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर त्याने मूळ धरले. मंगळुरूजवळच्या मुल्कीची तन्वी जगदीश या खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरली आहे.

फळी आणि वल्हे

आम्हाला दिलेल्या फळ्या पंपाने हवा भरायच्या होत्या. लांबी सुमारे ३२० सेंटिमीटर, रुंदी ८० सेंटिमीटर आणि जाडी १५ सेंटिमीटर. हवा पूर्ण भरली की फळी लाकडासारखी टणक होते. हवा कमी असेल तर ती मधोमध वाकते आणि तोल सांभाळणे कठीण जाते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंगठ्याने दाबून पाहायची.

इथे एक सोपे गणित करू. माझे वजन ५५ किलो. फळी सुमारे १० किलो. एकूण ६५ किलो. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे तरंगायचे असेल तर फळीने ६५ किलो, म्हणजे ६५ लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. फळीची टोके निमुळती असल्यामुळे तिचे क्षेत्रफळ साधारण २ चौरस मीटर धरले, तर ती पाण्यात सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास बुडेल. जाडी आहे १५ सेंटिमीटर. म्हणजे ही फळी आपल्याला सहज पेलते. आपण पडतो ते फळी बुडते म्हणून नव्हे, ती कलते म्हणून.

फळीच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूने माशाच्या परासारखी फिन असते. तिच्यामुळे फळी सरळ जाते. फिन लावायला विसरलात तर प्रत्येक वल्ह्याला फळी गोल फिरते. आमच्यातल्या एकाने हा प्रयोग नकळत करून दाखवला आणि सगळ्यांची करमणूक झाली.

वल्हे आपल्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर लांब हवे. ते शेजारी उभे धरून हात वर केला की मूठ मनगटापर्यंत आली पाहिजे. वल्ह्याचे पाते थोडे वाकलेले असते. तो वाक पुढच्या दिशेला ठेवायचा. जवळजवळ सगळेच नवशिके ते उलटे धरतात, कारण आपल्याला पळीने वाढायची सवय असते. मीही उलटेच धरले होते.

तोल कसा राहतो

फळी एका बाजूला कलली की त्या बाजूचा भाग जास्त बुडतो आणि तिकडून पाणी जास्त जोराने वर ढकलते. हा जोर फळीला पुन्हा सरळ करतो. पण आपले वजनही त्याच वेळी त्या बाजूला झुकत असते. वजनाची रेषा पाण्याच्या जोराच्या रेषेपलीकडे गेली की आपण पाण्यात! गुरुत्वमध्य जितका उंच, तितकी ही रेषा लवकर ओलांडली जाते. म्हणून बसलेला माणूस क्वचित पडतो, गुडघ्यांवरचा थोडा जास्त आणि उभा सर्वांत जास्त.

उभे राहायची रीत अशी. आधी फळीच्या मध्यावर, उचलायच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायचे. गुडघ्यांवरच दहा-वीस वल्ही मारायची. फळी थोडी चालू लागली की ती स्थिर होते, जशी सायकल. मग वल्हे समोर आडवे धरून एकेक पाऊल गुडघ्याच्या जागी आणायचे आणि सावकाश उठायचे. पावले खांद्यांइतक्या अंतरावर, समांतर, बोटे पुढे. गुडघे किंचित वाकलेले. नजर समोरच्या काठावर. पायांकडे पाहिले की मान खाली जाते, कंबर वाकते आणि तोल जातो.

परेडवर आम्हाला गुडघे ताठ ठेवायला शिकवतात. पाण्यावर तेच ताठ गुडघे आपल्याला पाडतात. आमचे उस्ताद म्हणाले, "जमिनीवर सावधान, पाण्यावर विश्राम."

वल्हे मारायचे ते पुढे वाकून, पाते पूर्ण बुडवून, आणि पावलांपर्यंत आले की बाहेर काढायचे. पाते पाणी मागे ढकलते आणि पाणी आपल्याला पुढे. न्यूटनचा तिसरा नियम. एकाच बाजूला वल्हवत राहिले तर फळी दुसऱ्या बाजूला वळते, म्हणून चार-पाच वल्ह्यांनंतर बाजू बदलायची. वळायचे असेल तर वल्हे फळीपासून लांब, मोठ्या अर्धवर्तुळात फिरवायचे.

पडणे हाही धडा

पाण्यात शिरण्याआधी उस्तादांनी आम्हाला कमरेइतक्या पाण्यात दहा-दहा वेळा पाडले. पडायचे ते बाजूला, फळीपासून दूर आणि पाण्यावर आडवे. डोक्यावर सूर मारायचा नाही, कारण खाली खोली किती आणि दगड कुठे हे दिसत नाही. वर आलो की प्रथम फळी पकडायची, नंतर वल्हे. मग फळीच्या मध्यावर बाजूने येऊन पट्टा धरायचा, पाय मागे सोडून पोहताना मारतो तसे मारायचे आणि पोटावर सरकत वर चढायचे. पाय फळीखाली गेले तर चढता येत नाही, नुसती दमछाक होते.

फळी आणि घोटा यांना जोडणारी एक दोरी असते, तिला लीश म्हणतात. आपण पडलो तरी फळी लीशमुळे जवळच राहते. तलावात ती घोट्याला बांधली तरी चालते. वाहत्या नदीत मात्र ती खडकात किंवा झाडात अडकू शकते, म्हणून तिथे कमरेला, एका झटक्यात सुटणारी लीश वापरतात. लाइफ जॅकेट दोन्हीकडे सक्तीचे.

त्या दिवशी काय झाले

आम्हाला तीन नियम दिले होते. केशरी बोयांच्या रांगेपलीकडे जायचे नाही. प्रत्येकाला एक जोडीदार, त्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही. आणि मदत हवी असेल किंवा कोणाला हवी आहे असे वाटले, तर लाइफ जॅकेटला लावलेली शिट्टी तीनदा वाजवायची.

माझा जोडीदार नववीतला, मणिपूरचा. त्याचे आजोळ लोकताक तलावाकाठी आहे. सकाळी साडेसातला पाणी आरशासारखे होते. डोंगर, झाडे, तलावाच्या मधले बेट, सगळे पाण्यात उलटे दिसत होते. मी दुसऱ्याच प्रयत्नात उभा राहिलो. पायाखाली पाणी आणि आपण त्यावर चालत निघालो आहोत, असे वाटत होते. होडीत बसून हे सुख मिळत नाही. उभे राहिल्यामुळे पाण्यात खोलवर दिसत होते, खालून मासे जात होते. मोठ्याने बोलावेसे वाटत नव्हते. फक्त वल्ह्याचा आवाज.

माझा जोडीदार थोडा वेळ उभा राहिला आणि मग बराच वेळ गुडघ्यांवरच वल्हवत राहिला. मी त्याला चिडवले, "अरे, बसून फोटो चांगला येत नाही." तो नुसता हसला.

अकराच्या सुमारास वारा सुटला. साडेअकराला हाउसची शर्यत होती, म्हणून मी सराव करत होतो. वारा काठाकडून आत वाहत होता, माझ्या पाठीवर. फळी इतकी पळू लागली की माझे वल्हवणे एकदम सुधारले असे मला वाटले. मी मागे पाहिलेच नाही. पाहिले तेव्हा बोयांची रांग माझ्या मागे होती आणि जोडीदार रांगेच्या आत, लहानसा दिसत होता.

मी वळलो. वारा बाजूने आला आणि मी पडलो. पाणी थंडगार होते. चढलो, उभा राहिलो, पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा काठ आणखी लांब गेला होता. माझ्या मनात आले, फळी सोडून द्यावी. मी हाउसच्या पोहण्याच्या संघात आहे. दोनशे मीटर अंतर म्हणजे काय मोठे! लीश सोडायला माझा हात घोट्याकडे गेला होता.

तेवढ्यात शिट्टी वाजली. एक, दोन, तीन. माझा जोडीदार गुडघ्यांवर बसून माझ्याकडे पाहत वाजवत होता. मी हात हलवून 'नको, नको' म्हटले. त्याने परत तीनदा वाजवली.

सेफ्टी बोट आली. उस्तादांनी मला लगेच वर घेतले नाही. ते म्हणाले, "लेट जाओ. वल्हे छातीखाली. हातांनी या." मी पोटावर झोपलो आणि दोन्ही हातांनी पाणी मागे ओढू लागलो. काय आश्चर्य! ज्या वाऱ्यापुढे मी तीनदा हरलो होतो, त्याच वाऱ्याच्या तोंडावर फळी हळूहळू पुढे सरकू लागली. बोट माझ्या शेजारून येत होती. बोयांच्या आत आल्यावर मी गुडघ्यांवर बसलो आणि वल्हे घेतले. काठावर पोचायला वीसेक मिनिटे लागली. वारा वाढल्यामुळे शर्यत रद्द झाली होती.

फळ्या बाहेर ओढताना मी जोडीदाराला रागाने विचारले, "शिट्टी कशाला वाजवलीस? मी येत होतो ना!"

तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तुम्ही परत परत उभे राहत होता. आमच्याकडे वारा आला की होडीत सगळे आधी खाली बसतात."

मला उत्तर सुचले नाही.

फॉल-इनमध्ये उस्तादांनी विचारले, "शिट्टी कोणी वाजवली?" कोणी बोलेना. माझा जोडीदार माझ्याकडे पाहत होता. नववीच्या मुलाने दहावीच्या मुलासाठी शिट्टी वाजवली, हे सगळ्यांसमोर सांगायची त्याला भीती वाटत होती. ती भीती मीच पाच मिनिटांपूर्वी घातली होती. मी पाऊल पुढे टाकले आणि म्हणालो, "उस्ताद, शिट्टी यानेच वाजवली आणि ती माझ्यासाठी होती. मी हद्द ओलांडली होती आणि लीश सोडणार होतो."

उस्तादांनी मला शिक्षा दिली नाही. सगळ्यांना खाली बसवून त्यांनी लीश सोडली असती तर काय झाले असते, ते सांगितले. मोकळी फळी वाऱ्याने पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जाते. पाण्यावर लाटा असताना माणसाचे फक्त डोके दिसते, तेही बोटीतून सापडत नाही. मोठी रंगीत फळी मात्र लांबून दिसते. थंड पाण्यात हातपाय लवकर गारठतात, मग चांगला पोहणाराही थकतो. फळी हीच आपली सर्वांत जवळची बोट. शेवटी ते म्हणाले, "खड़े तो सब हो जाते हैं, बैठना सीखो."

वाऱ्याचे गणित

परत आल्यावर मी फिजिक्सच्या सरांकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी समजावल्या.

पहिली, वाऱ्याचा जोर. तो दोन गोष्टींवर ठरतो, वाऱ्यासमोर आपले अंग किती आहे आणि वाऱ्याचा वेग किती आहे. वेगाचा तर वर्ग होतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून सकाळी न जाणवलेला वारा अकरा वाजता एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. वाऱ्याचा वेग आपल्या हातात नाही, पण अंग किती द्यायचे ते आपल्या हातात आहे. उभा माणूस शिडासारखा असतो. गुडघ्यांवर बसले की वाऱ्यासमोरचे अंग बरेच कमी होते आणि पोटावर झोपले की अगदी थोडे उरते. शिवाय उभे असताना वारा छातीवर ढकलतो, तिथून पावलांपर्यंतचे अंतर म्हणजे लांब तरफ. म्हणून थोडा वाराही पाडतो.

दुसरी गोष्ट, वारा दुपारीच का आला? भीमताल समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, भोवती डोंगर आहेत. ऊन चढले की डोंगरांचे उतार तापतात, त्यांच्यालगतची हवा गरम होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला दरीतली हवा वर येते. त्यामुळे निरभ्र दिवशी डोंगरातल्या तलावांवर सकाळ शांत असते आणि दुपारकडे वारा वाढतो. सकाळचे शांत पाणी पाहून दुपारचा बेत ठरवायचा नाही.

पाठीवरचा वारा सर्वांत फसवा. तो आपल्याला मदत करतो, म्हणून आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. परतताना तोच तोंडावर येतो. म्हणून सुरुवात नेहमी वाऱ्याच्या तोंडावर करायची. दमलो की वाराच आपल्याला परत आणतो.

पुढच्या वर्षीच्या कॅडेटांसाठी

१. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बांधा, शिट्टी वाजते का ते काठावरच वाजवून पाहा.

२. लीश पाण्यात सोडायची नाही. फळीही सोडायची नाही.

३. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा. दर दहा-बारा वल्ह्यांनंतर मागे वळून काठ पाहा आणि जोडीदार पाहा.

४. वारा वाढला की लगेच गुडघ्यांवर बसा. तरीही पुढे जाता येत नसेल तर पोटावर झोपा, वल्हे छातीखाली दाबा आणि हातांनी या.

५. त्यानेही जमत नसेल तर फळीवरच थांबा, तीन शिट्ट्या वाजवा आणि हात हलवत राहा.

६. शिट्टी वाजवायला पद लागत नाही. ज्युनियरने सीनियरसाठी वाजवावी. चुकून वाजली तरी कोणी हसू नये, रागावू तर मुळीच नये.

हा सहावा नियम आधी आमच्या यादीत नव्हता. त्या संध्याकाळी मी उस्तादांना विचारून तो यादीत घातला आणि जोडीदाराची माफी मागितली.

आईवडिलांनी हा लेख वाचून घाबरू नये. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी सकाळी आम्हाला आणखी एक तास मिळाला. पाणी पुन्हा आरशासारखे होते. मी आधी बराच वेळ गुडघ्यांवर वल्हवले, मग उभा राहिलो. या वेळी माझा जोडीदारही शेजारच्या फळीवर उभा होता. बेटावरून एक पक्षी उडाला आणि आम्ही दोघांनी वर पाहिले. दोघेही एकदम पडलो आणि पाण्यात फळ्या धरून खूप हसलो. साडेनऊला पाण्यावर पहिली बारीक सुरकुती दिसली. आम्ही दोघेही काही न बोलता खाली बसलो आणि काठाकडे वळलो.

जय हिंद!